राहीबाईचा इम्तिहान

आमच्या घरात देवावरून वादावादी व्हायची ती जेवताना. दुसऱ्यांच्या घरी आमटीत मीठ कमी पडल्यावर होते, तशीच आमच्याकडे ही. बाबा लातूरच्या मिशनात उपदेशक होते. उपदेशक म्हणजे पाळक नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण आजही माझे सोयरेधायरे बाबांना पाळक म्हणतात आणि मला दरवेळी तोंड उघडावं लागतं. उपदेशकानं वस्त्यावस्त्यांवर हिंडायचं, प्रार्थना घ्यायची, लोकांना शिकवायचं. पण बाप्तिस्मा द्यायचा तर पाळकच पाहिजे, आणि आमच्या भागाचे पाळकसाहेब राहायचे नांदेडला. बाबांना पाळक व्हायची फार हौस. त्यासाठी मिशनचा एक मोठा इम्तिहान असे. निजामाच्या राज्यात परीक्षेला परीक्षा कुणी म्हणायचंच नाही, सगळ्यांचा तो इम्तिहानच, मग तो उर्दू मदरशातला असो की येशूच्या घरचा. त्या इम्तिहानासाठी ईश्वरविज्ञानाचं एक जाडजूड पुस्तक बाबा ताटाशेजारी उघडं ठेवून जेवत. त्याच्या पानापानावर वरणाचे डाग होते. बाबा दोनदा नापास झाले होते, आणि तरीही मोठ्या तोऱ्यात वाचत.

आई मडमेच्या बंगल्यात कामाला होती. स्वयंपाक, भांडी, मडमेचे झगे धुणं, सगळं तीच करायची. दुपारी ती घरी यायची तेव्हा पदराखाली डबलरोटीचे कडेचे तुकडे असायचे. ते आम्ही शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचो. मला अजून ती चव आठवते, आणि अजून वाटतं की डबलरोटी जामबरोबर खाणाऱ्यांना खाण्यातलं काही कळत नाही. पलीकडे जिनिंगचा भोंगा व्हायचा, घाणीवाल्याचा बैल कुरकुर करत फिरायचा, आणि बाबा वाचून दाखवायचे. एकदा त्यांनी सांगितलं की युरोपातले जुने ख्रिस्ती पंडित म्हणत, ईश्वरविज्ञान ही घरची मालकीण आणि तत्त्वज्ञान तिची मोलकरीण. म्हणजे बुद्धीनं झाडलोट करावी, दिवाबत्ती करावी, पण बोलायचं ते मालकिणीनं. आई हात धूत होती, ती वळली. "अवं, ही गोष्ट कुण्या मोलकरणीला इचारून लिवली का त्या पंडितांनी?" ती म्हणाली. "मडमेला मिठाची बरणी कुठं हाय ते ठावं न्हाई. मी दोन दिस गेले न्हाई तर उपाशी ऱ्हाईल बिचारी." बाबा हसले नाहीत. पेन्सिल घेऊन त्यांनी पानाच्या कडेला काहीतरी खरडलं. बाबांचा हा गुण मी कधी विसरणार नाही. बायकोचं बोलणं समासात लिहून ठेवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. मिशनच्या बोर्डिंगातून सातवी पास झाले होते, तोंडानं फटकळ होते, आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. बाबांनी मला रेणापूरच्या वाटेवरच्या वस्तीत बायकांना शिकवायला लावून दिलं. दोर वळणाऱ्यांची वस्ती होती ती. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे तंतू, काढायचा, त्याचे पेड करायचे, एकीनं भिंगरी फिरवायची आणि दुसरीनं मागं मागं सरकत पीळ देत जायचं. दावी, कासरे, मोटेची चऱ्हाटं, सगळं तिथं व्हायचं. अकरा बायकांना बाप्तिस्मा घ्यायचा होता आणि त्यासाठी चाळीस सवाल-जवाब पाठ पाहिजेत असा मिशनचा नियम. वाचता एकीलाही येत नव्हतं. काम थांबवून बसायची सोय नव्हती. मग मी काय केलं, तर त्या मागं सरकत असताना मी बरोबर चालायची, सवाल मी म्हणायची, जवाब त्या म्हणायच्या. दोर संपेपर्यंत चाळीस सवाल संपायचे. दोन महिन्यांत सगळ्यांचं एका सुरात पाठ झालं. मला इतका गर्व झाला की काही विचारू नका.

त्या अकराजणींत राहीबाई सगळ्यात म्हातारी. वाळलेली, काळी, बोटांना घट्टे, आणि सारखी खोकायची. तिला बाप्तिस्मा का पाहिजे होता ते तिनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तिची एकुलती एक लेक, गोदी, आमच्या बोर्डिंगात शिकायला होती. तिथंच तिचा बाप्तिस्मा झाला, आणि पंधराव्या वर्षी मुदतीच्या तापानं ती तिथंच गेली. मिशनच्या कबरस्तानात तिची माती आहे. त्या कबरस्तानाला कुंपण होतं आणि कुंपणाच्या आत बाप्तिस्मा झालेल्यालाच जागा. गोदीच्या शेजारी एक कबर होईल एवढी जागा मोकळी होती. "मला तितं पडायचं हाय," राहीबाई म्हणाली. "लई दिस न्हाई राह्यले माझे. तू फकस्त मला पास कर पोरी." मी म्हटलं, फिकीर करू नको, मी आहे ना.

नाताळाच्या आधी पाळकसाहेब नांदेडहून आले. उंच, गोरे, पांढरा कोट, पुण्याकडून शिकून आलेले. त्यांचं बोलणं इतकं शुद्ध की वस्तीतल्या बायकांना ते अर्धं कळायचं नाही. मिशनच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सतरंजीवर अकराजणी ओळीनं बसल्या. बाबा खिडकीशी, मी दाराशी. साहेबांनी पुस्तक उघडलं आणि विचारायला लागले. सुरुवात झकास झाली. "तुला कोणी निर्माण केले?" "देवानं," अकराही एकदम. याच्यानंतरचा सवाल होता, देवानं तुला कशासाठी निर्माण केलं. जवाब: त्याच्या गौरवासाठी. साहेबांनी तो सवाल गाळला. मुद्दाम नाही हो, त्यांना परतीची गाडी गाठायची होती, ते मधले मधले सोडत चालले होते. त्यांनी विचारलं, "देव कोठे आहे?" आणि अकराजणी एका सुरात म्हणाल्या, "त्याच्या गौरवासाठी!" "मनुष्य देवापासून कशामुळे दुरावला?" "सगळीकडं!" "पापाचे फळ काय?" "पापानं!" त्यांना जराही शंका नव्हती. पाठ म्हणजे पाठ, ज्या पावलावर जो जवाब तो जवाब. साहेब थांबले, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि विचारलं, "मरणातून सोडवणारा तुझा तारणारा कोण?" अकराजणींनी छाती फुगवून सांगितलं, "मरण!"

आज मी हे सांगते तेव्हा लोक पोट धरून हसतात. मीही हसते. त्या दिवशी मात्र मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. साहेब चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. ते मला म्हणाले, "मुली, तू पोपट पढवलेस. तीन महिन्यांनी ईस्टरला मी पुन्हा येईन. तेव्हाही हेच झाले तर या बायांना आणखी दोन वर्षे थांबावे लागेल." दोन वर्षं! मी राहीबाईकडे बघितलं. ती सतरंजीवरून उठता उठता खोकत होती. देवळाबाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "हातात दोर आसता तर चुकले नसते बग." माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. मी घरी आले, आईनं वाढलेली भाकरी तशीच ठेवली आणि बाबांवरच घसरले. म्हटलं, हे असले सवाल-जवाब कशाला पाहिजेत, त्या बायांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी तरी काय समजून पाठ केलं होतं? आता मी त्यांना पुस्तकातला एकही शब्द पाठ करायला लावणार नाही. मी त्यांना कारणं देणार. देव आहे तर कशावरून आहे, ते बुद्धीला पटवून देणार. मग सवाल कुठूनही विचारू द्या.

"एस्तू, जपून," बाबा म्हणाले. "साहेबांना तर्कानं देव शिकवलेला बिलकुल चालत नाही. त्यांचं म्हणणं, माणसाची बुद्धीसुद्धा पापानं डागाळलेली आहे, ती आपल्या सोयीचा देव घडवते. देवानं स्वतःहून सांगितलं तेवढंच खरं." मी म्हटलं, "मग डोकं दिलं कशाला त्यानं? टोपी घालायला?" आई चुलीपाशी खुदकन हसली. बाबांनी ते डाग पडलेलं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, वाच मग. मी वाचलं. आठ दिवस दुसरं काही केलं नाही. त्यात होतं की कारणाशिवाय कार्य होत नाही, घडवणाऱ्याशिवाय घडलेली वस्तू नाही, म्हणून जगाचा घडवणारा असलाच पाहिजे. आणि हे कळायला पवित्र शास्त्र लागत नाही, नुसती शाबूत बुद्धी पुरते. मला तर घबाडच सापडलं. पुस्तकात घड्याळाचं उदाहरण होतं. आमच्या वस्तीत घड्याळ कुणी बघितलं होतं? पण दोर होता की! मी राहीबाईला म्हटलं, हा दोर आपोआप झाला का? ती म्हणाली, "येडी का खुळी तू? माझी कंबर मोडली वळून वळून." मग हे जग, ही झाडं, हे पाऊसपाणी? तिनं भिंगरी थांबवली. समोरच्या बाभळीकडे बघत म्हणाली, "हाव गं. वळणारा हाय खरा." त्या क्षणी मला कुणी पाळक केलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. दोराचे तीन पेड दाखवून त्रैक्यही, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हेही, समजावून टाकावं असं मनात आलं होतं, पण बाबांनी बजावलं, "त्रैक्याला हात लावशील तर खबरदार, भलेभले तिथं आपटलेत."

माझी ही मस्ती उतरवली ती चनबसप्पांनी. चनबसप्पा म्हणजे आमचे किराणा दुकानदार, लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि बाबांचे जिवलग दोस्त. हळद-धने घ्यायला जावं तर बाबा आणि ते देवावर तास तास बोलत बसायचे आणि आई घरी फोडणीला खोळंबायची. मी गेले गुळासाठी आणि चढ्या आवाजात माझा दोराचा पुरावा त्यांना ऐकवला. त्यांनी तराजू खाली ठेवून नीट ऐकला. मग डोळे मिटून म्हणाले, "वा वा पोरी, शंभर टक्के खरं बोललीस. वळणारा हायच. मी तर रोज सकाळी त्याची पूजा करून राहिलोय. शिवच तो!" आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. मी तो खडा खाल्लासुद्धा नाही. वाटभर स्वतःशी भांडत आले. त्यांना खोटं ठरवता येत नव्हतं, कारण माझ्याच पुराव्यानं ते खरे ठरत होते. आज चनबसप्पांची नातवंडं नांदेडला माझ्या शेजारच्या गल्लीत राहतात, दोघं डॉक्टर, एक प्राध्यापक. त्यांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा ती म्हणतात, आजी, मग आमचे आप्पाच जिंकले की. मी म्हणते, हाव बाबांनो, त्या दिवशी तरी तेच जिंकले.

पण खरा घाव त्याच्यानंतरचा होता आणि तो राहीबाईनं घातला. ईस्टरला दोन आठवडे राहिले होते. ती अंबाडी झोडपत होती. एकाएकी म्हणाली, "पोरी, वळणारा हाय हे पटलं. पर तो तापट हाय का मायाळू?" मी म्हटलं, मायाळू. "कशावरनं?" पंधरा वर्षांची लेक तापानं गेलेल्या बाईला जगाकडे बोट दाखवून, बघ तो किती मायाळू, असं कसं म्हणणार? बुद्धीला विचारलं तर बुद्धी उलटंच सांगत होती. "उद्या सांगते," म्हणून मी तिथून अक्षरशः पळाले. त्या आठवड्यात मी प्रार्थना केली नाही. खरं सांगते, पहिल्यांदाच मला असं वाटलं की वर कुणी असलाच तर त्याला आपली काही पडलेली नाही. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "बुद्धी दारापर्यंत नेते, एस्तू. आत कोण आहे ते दार आतून उघडल्याशिवाय कळत नाही." मी म्हटलं, आणि उघडलंच नाही तर? बाबा म्हणाले, "म्हणून तर मी दोनदा नापास झालो. ह्याच सवालावर पान कोरं ठेवून आलो." पाळकीची स्वप्नं बघणारा माझा बाप असं बोलला. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्यावर प्रेमही इतकं आलं की मी रडले.

पण रडून भागणार नव्हतं. तिकडे राहीबाईचा खोकला वाढला होता. तिला मी वचन दिलं होतं. मी ठरवलं, माझं मन ठिकाणावर असो नसो, या बाईला मी कुंपणाच्या आत नेणारच. रोज वस्तीवर गेले. येशूच्या गोष्टी सांगितल्या, पाठ करायला नाही, नुसत्या सांगितल्या. आंधळ्याची, हरवलेल्या मेंढराची, विधवेच्या पोराची. राहीबाई ऐकत ऐकत दोर वळत राहायची. तिच्या त्या सवालाला मी पुन्हा हात लावला नाही, तिनंही लावला नाही. शेवटच्या दिवशी मी तिला बजावलं, "बाप्तिस्मा कशाला पाहिजे असं साहेबांनी विचारलं तर कबरस्तानाचं नाव काढू नको. माझ्या आत्म्याच्या तारणासाठी, एवढंच म्हण." "खोटं बोलून देवाच्या घरात शिरू व्हय?" ती म्हणाली. माझी मान खाली गेली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, साहेब आले. या वेळी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. एकेकीला पुढे बोलावून मनाला येईल ते विचारत गेले. आणि सांगायला आनंद वाटतो, दहाजणींनी आपापल्या शब्दांत जवाब दिले, कुणी चाचरत, कुणी ठसक्यात. एकीनं तर साहेबांनाच उलट विचारलं की आदामाला बेंबी होती का. साहेब हसले. शेवटी राहीबाई. तिला उठवेना, म्हणून साहेबच खुर्चीवरून उठून तिच्यासमोर सतरंजीवर बसले. बाबा नंतर म्हणाले, त्या एका गोष्टीसाठी मी माझ्या नापासीवरचे त्यांचे सगळे टोमणे माफ केले.

"देव आहे हे तुला कशावरून कळले, बाई?" साहेबांनी विचारलं. पुस्तकातला जवाब होता, पवित्र शास्त्रावरून. मी मनातल्या मनात ओरडत होते, तेवढं म्हण. राहीबाई म्हणाली, "दोरावरनं." आणि तिनं सगळं सांगितलं, वाख, पेड, पीळ, वळणारा. साहेबांनी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की मी दाराच्या चौकटीला धरलं. ते म्हणाले, "हे तर कोणीही म्हणेल. वाण्याच्या दुकानातही असेच म्हणतात. यावरून तो आपला प्रभू, आपला पिता, हे कसे कळते?" झालं, मला वाटलं, संपलं सगळं. माझ्याच हातानं मी या बाईचा घात केला. मी पुढे जाऊन काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी हातानंच मला थांबवलं.

"न्हाई कळत," राहीबाई शांतपणे म्हणाली. "दोर बगून वळणारा हाय एवढंच कळतं, साहेब. तो तापट हाय का मायाळू, ते दोर कसा सांगंल? माझा दोर बाजारात जातो. घेणाऱ्याला काय ठावं राही कशी बाई हाय ती? ते माझ्या घरच्यानंच सांगावं लागतं." ती खोकायला लागली. साहेब थांबले. तिनं तोंड पुसलं आणि पुढं बोलली. "ही एस्तूबाय मला सांगून राहिली, त्याचा लेक घरनं भाईर आला म्हणून. आंधळ्यापाशी बसला, मेलेल्या पोराच्या आईपाशी बसला, रडला. मला आदी वाटलं, गोष्टच हाय. पर माझी गोदी मरताना मी उशाशी होते. तिला लई ताप. मी देवाला शिव्या घालत होते. आन् ती मला म्हणली, आई, भिऊ नको, तो हितंच बसलाय, तुझ्या शेजारी. तिला दिसत होता. मला न्हाई दिसला. पर माझी लेक कदी खोटं बोलली न्हाई. बुद्दी मला दारापत्तूर आणून सोडती, साहेब. आत कोण हाय ते मला माझ्या लेकीनं सांगितलं. तेवड्यावर मी आले."

मी तिला ते दाराचं बोलणं कधी सांगितलं नव्हतं. बाबांनी सांगितलं असेल, की तिचं तिलाच सुचलं, हे मला आजतागायत ठाऊक नाही. बाबांना विचारायचं राहूनच गेलं. त्यानंतर मी पुष्कळ वाचलं. शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका झाले, विश्वास आणि बुद्धी यांच्यावर मोठमोठ्या विद्वानांनी शेकडो वर्षं घातलेले वाद वाचले. कोण म्हणतो एकाचा दुसऱ्याशी काय संबंध, कोण म्हणतो एकावाचून दुसरं पांगळं. वाचताना मला दर वेळी वाटतं की यांच्यातला एखादा तरी कधी दोर वळायला बसला असता तर बरं झालं असतं. असो. माझं तोंड म्हातारपणीही तसंच आहे.

साहेबांनी पुढं विचारलं, "आणि बाप्तिस्मा कशासाठी पाहिजे?" "लेकीच्या शेजारी जागा पायजे म्हणून," राहीबाईनं सरळ सांगून टाकलं. मी डोळे मिटले. साहेबांनी नोंदवही मागवली, मांडीवर घेतली आणि टाक दौतीत बुडवला. म्हणजे ती पास झाली होती! मला हसू आणि रडू एकदमच आलं. बाबांनी खिडकीकडे तोंड वळवलं, पण त्यांचे खांदे हलत होते ते मला दिसलं. साहेब म्हणाले, "बाप्तिस्म्याला नवे नाव घ्यायचे असते. हन्ना कसे वाटते? चांगले नाव आहे, शास्त्रातल्या एका आईचे."

राहीबाईनं मान हलवली. "नगं."

"का बरे? सगळ्याच घेतात."

"साहेब," राहीबाई म्हणाली, "गोदीचं नाव तुमी बाप्तिस्म्याला आदीच 'सारा' केलं. लेकीचं बी नाव बदललं, आन् आता आईचं बी बदललं, तर तिकडं गेल्यावर आमी दोघींनी एकमेकीला हुडकायचं कसं?"

साहेबांचा टाक वहीवर तसाच थांबला. शाईचा एक थेंब कागदावर पडला आणि पसरला. त्यांनी तो टिपला नाही. त्या शाईच्या डागाशेजारी, हळूहळू, लहान पोरं लिहितात तशा मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: राही. मग पुढे थोडी जागा सोडून, कुणी न सांगता, आणखी लिहिलं: गोदीची आई.